तीनदा दिलेली ओळ

घरात तिला सगळे भोंगा म्हणायचे. लहानपणी ती रडायला लागली की चार घरं पलीकडची म्हातारी उठून खिडकी लावून घ्यायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं. वडील नळाची कामं करायचे, आई टेलिफोन खात्यात होती, आणि या कुटुंबाचा गाण्याशी संबंध म्हणजे वडील सिंकखाली आडवे होऊन जे काही गुणगुणायचे तेवढाच. शाळेच्या समूहगानात तिला मुद्दाम शेवटच्या रांगेत उभं केलं, तरी तिचाच आवाज सगळ्यांच्या पुढे यायचा. शेवटी गाण्याच्या शिक्षिकेनं आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की हिला गप्प बसवण्यापेक्षा शिकवणं सोपं जाईल.

अशी ती सतराव्या वर्षी संगीत विद्यालयात दाखल झाली, आणि तिथून ऑपेराच्या वाटेला लागली. ऑपेरा म्हणजे काय, हे वडिलांना तिनं परोपरीनं समजावलं होतं. अख्खं नाटक गाण्यातून चालतं, समोर ऐंशी वादक बसलेले असतात, त्यांना काठीच्या इशाऱ्यावर चालवणारा कंडक्टर असतो. वडिलांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि पुढची कित्येक वर्षं ते ओळखीच्यांना सांगत राहिले, आमच्या भोंग्याच्या नाटकात मीठ मागायचं झालं तरी तान घेऊन मागतात, आणि कंडक्टर आहे पण तिकीट मात्र तो फाडत नाही.

पहिलं वर्षभर तिला एकही गाणं मिळालं नाही. तिचे सर म्हणजे एके काळचे नावाजलेले गायक, आता देह सुटलेला, जिना चढताना दर वळणावर थांबणारे. ते तिला जमिनीवर उताणी झोपवायचे, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवायचे आणि श्वासानं तो वर उचलायला लावायचे. ऑपेरात माइक नसतो. ऐंशी वाद्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो, आणि तोही घसा न ताणता. सर म्हणायचे, घशानं गाशील तर तिशीतच आवाजाचा चिंध्या झालेला पडदा होईल. ती मुकाट्यानं शब्दकोश उचलायची. दुसऱ्या वर्षी सरगमीसारखे स्वराभ्यास आले, तिसऱ्या वर्षी कुठे पहिलं गाणं. आवाजात तिची बरोबरी करणारं वर्गात कुणी नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि बाकीच्यांनाही.

घोडं अडलं ते भाषेपाशी. ऑपेरा परक्या भाषांतले. तिच्या तोंडात ते शब्द बसेनात. स्वर सुंदर लागायचा आणि त्यावरचा शब्द मात्र गरम बटाटा तोंडात धरल्यासारखा यायचा. सरांनी हात टेकले आणि तिला शहरातल्या ऑपेराच्या नाट्यगृहातल्या प्रॉम्प्टरबाईंकडे पाठवलं.

बाई त्या नाट्यगृहात बावीस वर्षं प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, जमिनीत एक चौकोनी खड्डा होता आणि त्यावर प्रेक्षकांच्या बाजूनं लाकडी टोप. प्रेक्षकांना तो टोपच दिसायचा. आत बुटक्या स्टुलावर, गुडघे पोटाशी घेऊन, छोट्या दिव्याखाली वही उघडून बाई बसलेल्या असायच्या. रंगमंचावरच्या माणसाला त्यांचा फक्त चेहरा दिसे. गाणाऱ्यानं ओळ उचलायच्या अर्धा श्वास आधी त्या तिचे पहिले दोन शब्द उच्चारायच्या. सलग तीन तास, प्रत्येक ओळ, प्रत्येक पात्रासाठी. टाळ्यांच्या वेळी त्या कधी वर आल्या नाहीत आणि जाहिरातीच्या फलकावर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला, तिसऱ्या मजल्यावरच्या तालमीच्या खोलीत, बाईंनी तिला चार वर्षं शिकवलं. बाई गाऊच द्यायच्या नाहीत. आधी ओळ नुसती वाचायची. मग प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं अर्थ लिहायचा. मग ती तालात बोलायची. मग बाई अचानक विचारायच्या, गोष्टीतली ही बाई आता हे कुणाला सांगते आहे आणि का सांगते आहे. उत्तर आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्या भाषेतला एक उच्चार तिच्या तोंडून नीट निघेना म्हणून बाईंनी दोन महिने तिला तोच एक शब्द म्हणायला लावला. धाकटी बहीण तिला घरी चिडवायची, की ताई झोपेतसुद्धा तेच बरळते. पण दोन महिन्यांनी तो शब्द असा सुटला, की खिडकीपाशी उभ्या बाईंनी काही न बोलता नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी तिनं पुढे काय काय केलं असतं, याला सुमार नव्हता.

दोन वर्षं ती समूहात गायली. मग दासीच्या भूमिका आल्या. यायचं, राणीला निरोप सांगायचा, दोन ओळी गायच्या, ताट ठेवून परत जायचं. वडील म्हणायचे, एवढं शिकून शेवटी घरकामालाच लागली. तिसाव्या वर्षी मात्र पहिली मोठी भूमिका मिळाली, आणि दोन-तीन वर्षांत ती त्या नाट्यगृहाची नायिका झाली. पेपरांत फोटो यायला लागले. दुसऱ्या शहरांतून बोलावणी यायला लागली. प्रत्येक प्रयोगात तिच्या पायांपुढे, त्या खड्ड्यात, बाईंचा चेहरा वर बघत असे.

पुढे जे घडलं ते ती तेहतीस वर्षांची असताना.

नाट्यगृहानं एक नवा ऑपेरा बसवायला घेतला. एका राणीला सख्ख्या भावाच्या मृत्युदंडावर सही करायची आहे, अशी गोष्ट. तिसऱ्या अंकात राणीचं एकटीचं लांबलचक गाणं होतं. त्याची चार कडवी, आणि चारही कडव्यांची सुरुवात एकाच शब्दानं. फरक होता तो पुढच्या शब्दात. चुकायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. बाईंनी ते पहिल्याच वाचनात तिला बजावलं होतं आणि यासाठी पुन्हा मंगळवार-शुक्रवारी ये, चुकवू नकोस असंही सांगितलं होतं. पण ती तेव्हा दुसऱ्या शहरात आणखी एक ऑपेरा गात होती. आठवड्यातून दोनदा प्रवास, दोन तालमी, दोन भाषा. पाच मंगळवार तिनं चुकवले. दर वेळी निरोप पाठवला, आणि नंतर नंतर तर निरोपही पाठवला नाही.

शेवटच्या तालमीत बाईंच्या ओठांकडे बघत बघत तिनं ते गाणं कसंबसं तडीस नेलं. तालीम संपल्यावर बाई खड्ड्यातून बाहेर आल्या, गुडघे चोळत उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुला पाठ नाही."

ती हसली. "तुम्ही आहात ना."

"मी ओळ देते," बाई म्हणाल्या. "ती घ्यायला तू जागेवर असावं लागतं."

तिला ते थोडं लागलं. पण एवढी मोठी झाल्यावरही आपल्याला कुणी रागावतं, याची तिला त्या वेळी गंमतही वाटली.

प्रयोग रविवारी दुपारी होता. देशातल्या सगळ्यात मोठ्या नाट्यगृहाची दोन माणसं तिला ऐकायला येऊन बसली होती आणि त्यांचा विचार पक्का झाला तर तिचं नशीब उघडणार होतं. पहिले दोन अंक झकास झाले. तिसऱ्या अंकात ती टेबलाशी आली, हातात लेखणी घेतली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते चौथं. दोन शब्द गेल्यावर तिला कळलं. तिथून परत कसं यायचं ते कळेना. डोकं लख्ख रिकामं झालं. वादक पुढे चालले होते. खाली बाईंचे ओठ हलत होते. ते हलताना तिला दिसत होते, पण त्यांचा शब्द काही केल्या तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ती लेखणी धरून उभी राहिली. रंगमंचावर गाणाऱ्यानं गप्प उभं राहणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ठाऊक. कितीतरी मात्रा तशाच गेल्या. शेवटी कंडक्टरनं हातानं खूण करून वादकांना पुढच्या जागेवर नेलं आणि तिनं चौथं कडवं धरलं. शेवटची उंच तान तिनं जीव ओतून घेतली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या रांगांतून कुजबूज झाली होती ती तिनं ऐकली होती.

पडदा पडल्यावर व्यवस्थापक तिच्या खोलीत आले. तिच्या तोंडावरचा रंग अजून तसाच होता. ते रागावलेले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, काय झालं. बाहेर पाहुणे उभे आहेत, त्यांना काहीतरी सांगावं लागेल.

"बाईंनी चुकीची ओळ दिली," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं ठरवून तयार केलेलं नव्हतं. पण ते तोंडातून गेलं तेव्हा ते खोटं आहे हे तिला स्वच्छ माहीत होतं. आणि व्यवस्थापकांनी तिला एक संधीही दिली. दारात थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"

"हो."

त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. ती आरशासमोर बसून राहिली. कापसानं रंग पुसताना तिनं आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. जिन्यावर बाई भेटतील म्हणून ती त्या दिवशी मागच्या दारानं बाहेर पडली.

नंतर तिला कळलं ते असं. व्यवस्थापकांनी बाईंना बोलावून विचारलं. बाई एवढंच म्हणाल्या, "झालं असेल. वय झालं." पंधरा दिवसांत बाईंना खड्ड्यातून काढून तळघरातल्या ग्रंथालयात बसवलं. जुन्या स्वरलिप्यांचे गठ्ठे लावायचं काम. सहा महिन्यांनी बाईंनी नोकरी सोडली. निरोपाचा समारंभ झाला नाही. मोठ्या नाट्यगृहाचं पत्र तिला त्याआधीच आलं होतं.

पुढची अकरा वर्षं बाहेरून बघणाऱ्याला हेवा वाटावा अशी गेली. ती मोठमोठ्या रंगमंचांवर गायली. आणि गंमत अशी, की तिची ख्याती झाली ती पाठांतरासाठी. तालमीच्या पहिल्या दिवशी तिला अख्खी भूमिका पाठ असायची, स्वतःचीच काय, समोरच्याचीही. एकदा एका नाट्यगृहात प्रॉम्प्टर आजारी पडला, तर ती म्हणाली, माझ्यासाठी नको. लोकांनी त्याचं कौतुक केलं. त्या खड्ड्यातून वर बघणारा कुठलाही चेहरा तिला सहन व्हायचा नाही, हे कुणाला कसं कळणार. एका मुलाखतीत तिला विचारलं, ही शिस्त तुम्हाला कुणी लावली. तिनं सरांचं नाव घेतलं. मग म्हणाली, आणि एक बाई होत्या, भाषा शिकवायच्या. मुलाखत घेणारीनं पुढचा प्रश्न विचारला. ती छापून आलेली मुलाखत आईनं कापून जपून ठेवली. तिला मात्र घरी गेल्यावर ते कात्रण दिसलं की कानकोंडं व्हायचं.

लाजेचं एक आहे. ती रोज येत नाही. कधी महिनाभर फिरकत नाही आणि माणसाला वाटतं, गेली. मग भाजी चिरताना, नाहीतर टॅक्सीत बसल्यावर, काही कारण नसताना ते एक वाक्य तिला ऐकू यायचं. "हो." तेही नाही, तर त्याच्या आधीचं "नक्की?" त्या वेळी ती एकटी असली तर मोठ्यानं काहीतरी बोलून ते दाबून टाकायची. टॅक्सीवाले आरशातून बघायचे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी वरचे स्वर पूर्वीसारखे लागेनासे झाले. ती मूळच्या शहरात परतली. जुन्या नाट्यगृहानं तिला एका ऑपेरात म्हाताऱ्या आईची छोटी भूमिका दिली आणि विद्यालयात शिकवायला याल का असंही विचारलं. धाकट्या बहिणीचं चष्म्याचं दुकान होतं. पहिल्याच आठवड्यात ती दुकानात बसली असताना बहीण भिंगं पुसता पुसता म्हणाली, "ताई, तुझ्या त्या प्रॉम्प्टरबाई माझ्याकडेच येतात चष्म्याला. नंबर खूप वाढलाय त्यांचा."

तिनं काउंटरवरची एक फ्रेम उचलून परत ठेवली.

"बिचाऱ्या तुझी चौकशी करत होत्या," बहीण पुढे म्हणाली. "मी त्यांना सांगून टाकलं, की तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या चुकीमुळे ताईची एवढी फजिती झाली, पण तिनं तुम्हाला कधी बोल लावला नाही. तिनं तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, बरं वाटलं ऐकून. आणि चष्मा घेऊन गेल्या."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. बहीण चांगुलपणानं बोलली होती. त्या काउंटरच्या पलीकडे उभं राहून बाईंनी आपली न केलेली चूक माफ झाल्याचं ऐकून घेतलं होतं, आणि वर बरं वाटलं म्हणाल्या होत्या. बहिणीला खरं सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक आलं याचं तिला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईंच्या घरी गेली. बहिणीच्या वहीतून पत्ता उतरवून घेतला होता. तिसरा मजला, अरुंद गॅलरी, दारापाशी ओलं पायपुसणं. बाईंनी दार उघडलं. त्या आणखी बारीक झाल्या होत्या. त्यांनी तिला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. टेबलावर स्वरलिपीची वही उघडी होती आणि तिच्यावर भिंग ठेवलेलं होतं. कुणासाठी तरी त्या अजूनही शब्दांखाली अर्थ लिहून देत होत्या.

ती पाणी प्यायली. घरून जे जे ठरवून आली होती त्यातलं काही आठवेना. "मी माफी मागायला आले," एवढंच निघालं.

"कशाची?"

बाईंना कळलं नव्हतं असं नव्हतं. त्यांना ते तिच्या तोंडून हवं होतं, जसा तो एक शब्द दोन महिने हवा होता. तिनं सांगितलं. त्या दुपारचं सगळं, व्यवस्थापकांनी दोनदा विचारलं तेही. बाईंनी मधे एकदाही तिला थांबवलं नाही.

"मी ओळ तीनदा दिली," सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा तर ओरडलेच. बावीस वर्षांत मी खड्ड्यातून कधी ओरडले नव्हते."

"मग तुम्ही त्यांना तसं सांगितलं का नाहीत?"

बाईंनी चष्मा काढला आणि साडीच्या पदरानं पुसला. "मला वाटलं, तू सकाळी येशील आणि सांगशील. घाबरली असेल, म्हणून बोलून गेली असेल. मी सोमवार गेला तसा मंगळवारही काढला. दहाला खोलीत जाऊन बसले. पियानोचं झाकण उघडून ठेवलं. साडेअकराला बंद केलं. त्यानंतर बोलले असते तर दोन बायका साहेबांसमोर एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत असं दिसलं असतं. ते मला नको होतं. तुझ्यासाठी गप्प बसले असं समजू नकोस."

ती मान खाली घालून बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

"माझी कशाला माफी मागतेस," बाई म्हणाल्या. "काय झालं ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

आणि त्या उठल्या. म्हणजे आता ये, असा त्याचा अर्थ होता.

ती तडक नाट्यगृहात गेली. जुने व्यवस्थापक वारले होते. नवे तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी अदबीनं बसायला सांगितलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाले की मॅडम, किती मोठं मन आहे तुमचं, हा किस्सा आपण सुवर्णमहोत्सवी अंकात घेऊ या. तिनं पुन्हा समजावून सांगितलं, की हा किस्सा नाही, यात एका बाईची नोकरी गेली. ते म्हणाले, हो, अर्थात, पण आता त्या कागदपत्रांतलं काही उरलेलं नाही आणि बदलायचं म्हटलं तरी काय बदलणार. मग त्यांनी घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेत घड्याळाकडे बघितलं. ती बाहेर आली तेव्हा तिला आत जाताना वाटत होतं त्याहून हलकट वाटत होतं.

राहिले तालमीतले लोक. दुसऱ्या दिवशी सकाळी समूहाची तालीम होती. चहाची सुट्टी झाली, कप वाजायला लागले, तेव्हा ती खुर्चीवरून उठली आणि दोन मिनिटं मागितली. तीसेक माणसं होती. त्यांतली आठ-दहा जुनी, त्या रविवारी रंगमंचावर असलेली. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. मला पाठ नव्हतं. बाईंनी ओळ बरोबर दिली होती. मी साहेबांना खोटं सांगितलं आणि खापर त्यांच्या माथी फोडलं.

नवी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. जुन्यांपैकी कुणीच आश्चर्य दाखवलं नाही. सगळ्यात मागे खर्जकाका बसले होते. समूहातला सगळ्यात खालचा आवाज त्यांचा, म्हणून हे नाव. त्यांनी कप खाली ठेवला.

"आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी तुमच्या मागे चार पावलांवर भाला घेऊन उभा होतो. बाईंनी तीनदा ओळ दिली. आम्हा सगळ्यांना ऐकू आली. पहिल्या दोन रांगांतल्या वादकांनाही आली."

"आणि तुम्ही कुणीच बोलला नाहीत?"

"तुम्ही नायिका होतात," खर्जकाका म्हणाले. "आणि आम्ही भालेवाले." मग खर्जातच, जवळजवळ स्वतःशी, त्यांनी पुढे जोडलं, "बाईंच्या घरी आमच्यापैकीही कुणी गेलं नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो."

अकरा वर्षं ती एक गुपित सांभाळत आली होती, आणि ते गुपित कधी नव्हतंच. ती पडद्यापुढे येऊन वाकली होती, फुलं घेतली होती, समूहाकडे हात करून टाळ्या वाटून दिल्या होत्या, तेव्हा मागची चाळीस माणसं सगळं जाणून टाळ्या घेत होती. मोठ्या नाट्यगृहाचं पत्र आल्यावर याच लोकांनी पेढे मागत तिची थट्टा केली होती. त्या थट्टेमागे काय होतं ते तिला आता समजलं. सुट्टी संपली. सगळे आपापल्या जागी गेले. तालीम नेहमीसारखी झाली.

घरी जाताना तिनं हिशेब केला, की ज्याला माहीत नाही आणि ज्याला सांगायलाच हवं, असं आता एकच माणूस उरलं आहे.

बहीण दुकानात एकटीच होती. ताईनं या वेळी गिऱ्हाईक यायची वाट पाहिली नाही. काउंटरच्या पलीकडे उभं राहून, बाई उभ्या राहिल्या असतील तिथेच, तिनं चौथ्यांदा तेच सांगितलं. दोन दिवसांत चौथ्यांदा, आणि हे सगळ्यात जड गेलं. बहीण लहानपणापासून तिची वही-पिशवी उचलत आलेली. ताईचं गाणं म्हणजे हिचा श्वास. शेजारपाजारी कुणी ताईविषयी उणा शब्द काढला तर भांडायला उभी राहणारी.

बहिणीनं हातातली फ्रेम केसमध्ये ठेवली, केस बंद केली.

"मी त्यांना काय बोलले, ते तुला माहीत होतं," ती म्हणाली. "परवा. इथेच. तू ऐकून घेतलंस."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"हो."

बहिणीनं दुकान बंद केलं, भर दुपारी. ती बाईंकडे निघाली होती. ताईनं बरोबर येऊ का विचारलं, तर ती म्हणाली, "तू नको येऊस. माझं मी निस्तरते." तिथे काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. महिनाभर ती ताईशी कामापुरतंच बोलली. म्हाताऱ्या आईच्या भूमिकेचा प्रयोग झाला त्याला आली नाही. पुढे हळूहळू बोलणं सुरळीत झालं, पण "आमची ताई" म्हणून गिऱ्हाइकांना फोटो दाखवणं तिनं बंद केलं ते केलंच. भिंतीवरचा तो फोटो एक दिवस खाली उतरला आणि तिथे डोळे तपासायचा तक्ता लागला.

समूहातले जुने लोक मात्र बाईंकडे जायला लागले. आधी खर्जकाका गेले, मग दोघं-तिघं मिळून. वर्षाच्या शेवटी त्यांनी तालमीच्या खोलीत बाईंना बोलावून चहा दिला. तिलाही बोलावणं होतं. ती गेली आणि भिंतीपाशी उभी राहिली. बाईंनी सगळ्यांची विचारपूस केली तशी तिचीही केली. तब्येत कशी आहे, विद्यालयात किती मुली आहेत. ओळखीच्या माणसाशी बोलावं तितकंच. तिनं तेवढीच उत्तरं दिली.

विद्यालयात आता ती सहा मुलींना शिकवते. गेल्या वर्षी परीक्षेत एक मुलगी अडखळली आणि बाहेर येऊन म्हणाली, पियानोवाल्या मावशींनी लय चुकवली. तिनं त्या मुलीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःची सगळी हकिगत सांगितली, नावं गाळून, पण स्वतःचं काहीही न गाळता. मुलगी ऐकता ऐकता लाल झाली. मग उठून पियानोवाल्या मावशींना शोधायला निघाली. दारातून वळून तिनं विचारलं, "मॅडम, त्या बाईंनी तुम्हाला माफ केलं का?"

"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "जा तू, मावशी निघून जातील."